फ्लिपर चाकू : बोटाला लागणारा तो झटका येतो कुठून?

टूलरूम_हिंगणा
सोमवार, रात्री ९.५०

घडीच्या चाकूंबद्दल इथे अधूनमधून प्रश्न येतात, पण फ्लिपरवर सलग लिहिलेलं दिसलं नाही, म्हणून हा धागा. मी हिंगणा एमआयडीसीत टूलरूममध्ये आहे. दिवसभर कडक केलेलं पोलाद, सरफेस ग्राइंडर आणि मायक्रोमीटर. त्यामुळे या चाकूकडे मी आधी यंत्र म्हणून पाहतो आणि यंत्र म्हणून तो मला फार आवडतो.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: चाकू मिटलेला असताना मुठीच्या पाठीकडून पात्याचाच एक छोटा उंचवटा बाहेर आलेला असतो. त्याला टॅब म्हणतात. त्यावर तर्जनी ठेवून दाबलं की पातं पिव्हटभोवती, म्हणजे मुठीतल्या खिळ्याभोवती, फिरून बाहेर येतं, शेवटी स्टॉप पिनवर आदळतं आणि लॉकची पट्टी मागून आत सरकते. पातं उघडलं की तीच टॅब बोटापुढे आडवी येते, म्हणजे हात धारेवर घसरत नाही. एकाच भागात दोन कामं. पात्याच्या शेपटीला बोटाने दाबून ते उघडायची कल्पना जुनी आहे. न्हाव्याचा वस्तरा तसाच उघडतो, जपानचा हिगोनोकामी नावाचा घडीचा चाकूही. पण लॉक असलेल्या खिशातल्या चाकूंत ती रुजवली अमेरिकन सैन्यातून निवृत्त झालेल्या किट कार्सन यांनी. सीआरकेटी कंपनीने त्यांच्या एम१६ मालिकेतून ती सामान्य गिऱ्हाइकापर्यंत नेली.

आता मुद्द्यावर येतो. हातात घेतल्यावर जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, "आत स्प्रिंग कोणती आहे?" साध्या फ्लिपरमध्ये पातं ढकलणारी स्प्रिंगच नसते. (केरशॉ कंपनीच्या काही चाकूंत केन ओनियन यांची स्पीडसेफ नावाची पीळ खाणारी सळई असते, ती मदत करते. तो प्रकार वेगळा.) मग पातं एवढं फटकन कसं येतं? बहुतेकांचं उत्तर असतं बेअरिंग, तेल, गुळगुळीतपणा. माझं उत्तर आहे डिटेंट.

लॉकच्या पट्टीच्या आतल्या अंगाला साधारण १/१६ इंचाची, म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपासची, एक गोळी दाबून बसवलेली असते. पोलादाची, कार्बाइडची नाहीतर सिरॅमिकची. पात्याच्या बुडाशी, ज्याला टँग म्हणतात तिथे, एक बारीक खळगा असतो. चाकू मिटला की गोळी त्या खळग्यात बसते आणि पातं धरून ठेवते. टॅब दाबायला लागलो की पातं लगेच हलत नाही. बोटातला जोर वाढत जातो, वाढत जातो, आणि एका क्षणी गोळी खळग्याच्या कडेवरून निसटते. तोवर साठलेला सगळा जोर एकदम पात्याला मिळतो. झटका तिथून येतो. बेअरिंगचं काम त्यानंतर सुरू होतं: मिळालेला वेग वाटेत खर्च होऊ द्यायचा नाही.

म्हणून माझं मत ठाम आहे. उत्तम फ्लिपर ओळखायचा तो किती सहज उघडतो यावरून नव्हे, मिटलेला किती घट्ट राहतो यावरून. डिटेंट कमजोर असेल तर बेअरिंग कितीही भारी लावा, पातं अर्ध्यात थांबणार, मग मनगट झटकावं लागणार. आणि तो खिशात आपोआप किंचित उघडण्याची भीती वेगळीच. उलट फार कडक असेल तर बोटाला वळ पडतो. चांगला कारागीर हा खळगा अशा जागी पाडतो की गोळी त्याच्या तळाला टेकत नाही, एका कडेवर दाबून राहते. त्यामुळे ती पात्याला सतत आतल्या बाजूला खेचत असते. इथे मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा फरकसुद्धा बोटाला कळतो.

तुमच्याकडे कोणते आहेत, कसे चालतात, आपल्याकडच्या धुळीत-उन्हात काय अनुभव आहे, लिहा.

कोराडी_रोड
सोमवार, रात्री १०.३५

दादा, मस्त धागा काढला. माझा प्रश्न लगेच घ्या. माझ्याकडे लायनर लॉकवाला (मुठीच्या आतल्या पत्र्याचीच, म्हणजे लायनरची, लॉकपट्टी असते तो) एक फ्लिपर आहे, बेअरिंगचा, डी२ पोलादाच्या पात्याचा. घेतला तेव्हा बम चालत होता. आता उन्हाळ्यापासून अर्ध्यात थांबून राह्यला. टॅब दाबली की पहिला झटका बरोबर बसते, पण पुढे पातं जड जाते आणि पाऊण उघडून थांबते. लॉक लागत नाही. मनगट हलवलं तर लागते. पिव्हट ढिला करून पाहू का? की त्याच्यात तेल सोडू? भावाचं म्हणणं आहे खोबरेल घाल, घरात तेच आहे.

टूलरूम_हिंगणा
सोमवार, रात्री ११.०५

@कोराडी_रोड, खोबरेल नको. ते २४ अंशांच्या आसपास गोठायला लागतं. मे महिन्यात पाण्यासारखं वाटेल आणि डिसेंबरात आपल्याकडची थंडी पडली की पिव्हटमध्ये मेण होऊन बसेल. शिवाय जुनं झालं की चिकटतं.

तुम्ही एक गोष्ट फार नेमकी सांगितलीत: पहिला झटका बरोबर बसतो. म्हणजे डिटेंट शाबूत आहे. अडचण त्याच्या पुढच्या वाटेत आहे. पिव्हटला हात लावण्याआधी एवढं पाहा. चाकू उघडा, लॉक सोडा, पातं दोन बोटांत पाठीकडून धरून अगदी हळू मिटवत न्या आणि डोळे मिटून बोटांकडे लक्ष द्या. सगळीकडे सारखंच जड लागतं का? मग पिव्हट आवळला गेलाय किंवा ग्रीस घट्ट झालंय. कुठे कुठे करकरतं, वाळूवरून फिरल्यासारखं? मग धूळ. एकाच ठिकाणी अडतं? मग गोळीच्या वाटेवर, म्हणजे टँगवर जी कमानीसारखी चकचकीत रेघ दिसते तिच्यावर, काहीतरी ओरखडा किंवा गंज आहे.

आणि पातं मिटवून समोर उजेडात धरा. दोन्ही लायनरच्या मधोमध दिसतं का? एका बाजूला घासत असेल तर तेही सांगा.

काटोल_बागवान
मंगळवार, सकाळी ७.१०

आमच्या घरी संत्र्याची बाग आहे, त्यामुळे चाकू म्हणजे रोजचंच. डोळा भरायला, म्हणजे कलम करायला, आम्ही वेगळा चाकू वापरतो. जंबेरीच्या खुंटावर सालीत उलट्या-सुलट्या टीचा काप घ्यायचा, साल अलगद उचलायची, डोळा आत सरकवायचा. त्याला पातं पातळ लागते, एकाच अंगाने धार लावलेलं, आणि साल उचलायला बोथट जीभ. तिथे फ्लिपर कामाचा नाही, कोणी घेऊ नये. बेअरिंगमध्ये चीक गेला तर संपलंच.

पण बागेत फिरताना, ठिबकची नळी कापताना, सुतळी, पोत्याचं तोंड, वाळलेली फांदी, याला मी फ्लिपरच वापरतो. कारण एक हात नेहमी कशात तरी अडकलेला असते. एका हाताने नळी धरून ठेवायची, दुसऱ्याने चाकू काढायचा, उघडायचा, कापायचा, मिटवायचा. दातांनी चाकू उघडणारे लोक पाहिले आहेत मी, त्यापेक्षा हे हजारपट बरं.

आता संत्र्याचं. डी२ पात्याने संत्रं कापलं आणि तसंच खिशात ठेवलं की संध्याकाळी पात्यावर करडे डाग. दोनदा-तीनदा झालं की ते डाग निघत नाहीत. मृगाच्या बहाराची फळं तोडताना माझ्या चाकूचं पातं पार ढगाळ झालं होतं. चुलतभावाकडे १४सी२८एन पोलादाचा आहे, त्याच्यावर काही नाही. मग डी२ला लोक एवढं का वाखाणतात? टूलरूमवाले भाऊ सांगतील.

टूलरूम_हिंगणा
मंगळवार, दुपारी १.४०

@काटोल_बागवान, डी२ आमच्या घरचंच पोलाद. टूलरूममध्ये त्याचे पंच आणि डाय बनतात. त्यात कार्बन दीड टक्क्याच्या आसपास आणि क्रोमियम जवळजवळ १२ टक्के. आकडा पाहून वाटतं स्टेनलेसच. पण एवढ्या कार्बनमुळे बरंचसं क्रोमियम कार्बाइडचे कण बनवण्यात अडकून जातं. पृष्ठभाग गंजापासून राखायला जे मोकळं उरतं ते कमी पडतं. ते कार्बाइड धार फार दिवस टिकवतात, पुठ्ठा आणि दोरी कापताना हे लगेच कळतं. लिंबूवर्गातल्या आम्लापुढे मात्र ते पोलाद टिकत नाही.

१४सी२८एन स्वीडनचं, सँडविकचं (त्यांचा तो विभाग आता अलायमा नावाने वेगळा झाला आहे). कार्बन ०.६२ टक्के, क्रोमियम १४. कण बारीक, धार पटकन लागते, गंज जवळजवळ नाहीच. धार डी२इतकी टिकत नाही. बागेत काम करणाऱ्याने डोळे झाकून १४सी२८एन घ्यावं, गोडाऊनवाल्याने डी२. डी२च असेल तर फळ कापल्यावर लगेच पाण्याने धुवा, कोरडं करा आणि मेडिकलमध्ये मिळणाऱ्या लिक्विड पॅराफिनचा हात फिरवा. त्याला वास-चव नाही, पुढचं फळ बिनधास्त कापता येतं.

महालातली_मृण्मयी
मंगळवार, दुपारी ३.२०

मी चाकूंतली नाही. माझा मुलगा अकरावीत आहे, त्याने व्हिडिओ पाहून असाच चाकू मागितला आहे, म्हणून हा धागा सगळा वाचला. तुम्ही सगळे कामाचं बोलताय हे दिसतंय. पण मला सरळ विचारायचं आहे: एवढ्या वेगाने उघडायची गरज काय? संत्रं सोलायला अर्धा सेकंद वाचला तर काय फरक पडतो? शहरात भांडणात चाकू निघाल्याच्या बातम्या रोज येतात. माझ्या मुलाच्या खिशात असं काही असावं असं मला वाटत नाही.

टूलरूम_हिंगणा
मंगळवार, रात्री ९.१५

मृण्मयीताई, प्रश्न अगदी रास्त आहे, आणि चाकू आवडणाऱ्यांनी तो टाळू नये असं मला वाटतं.

वेगाची गरज नाही. गरज आहे एका हाताने उघडण्याची आणि प्रत्येक वेळी पूर्ण उघडून लॉक लागण्याची. अर्धवट उघडलेला चाकू बोटावर मिटतो. अपघात तिथेच होतात. भक्कम डिटेंटचा फ्लिपर एक तर बंद असतो नाहीतर पूर्ण उघडा, अधेमधे थांबत नाही, म्हणून तो सुरक्षित. वेग त्यासोबत येतो.

पण त्या वेगाचा आनंद असतो, हे खरं आहे, आणि तोच व्हिडिओंतून विकला जातो. माझा स्वतःचा नियम असा की घराबाहेर, चारचौघांत चाकू फ्लिप करायचा नाही. दुकानात, बसमध्ये, ऑफिसात काही कापायचं असेल तर दोन्ही हातांनी, सावकाश, टोक जमिनीकडे ठेवून उघडायचा. समोरच्याला काय वाटेल हे आपण ठरवू शकत नाही, आणि त्याला दचकवायचा आपल्याला हक्क नाही.

तुमच्या मुलाबद्दल माझं स्पष्ट मत: आत्ता घेऊन देऊ नका. त्याला खरंच यंत्राची ओढ असेल तर घरातल्या विळीला आणि सुऱ्यांना दगडावर धार लावायला शिकवा. महिनाभर मन लावून तो ते करतो का, ते पाहा. ज्याला धार लावायचा कंटाळा येतो त्याला चाकूची नाही, दाखवायची हौस असते.

काळा_कोट_ब्लॅक_टी
मंगळवार, रात्री १०.४५

कायद्याचा विषय निघायलाच हवा होता. मी वकिली करतो, थोडक्यात लिहितो. प्रसंग आलाच तर आपापल्या वकिलाला कागद दाखवून विचारा.

आर्म्स रूल्स २०१६ च्या पहिल्या परिशिष्टात धारदार शस्त्रांच्या वर्गात ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. खिशातला साधारण तीन इंची चाकू त्या मापाच्या बराच खाली राहतो. लोक इथेच वाचायचं थांबवतात, आणि ते पुरेसं नाही.

एक, महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चं कलम ३७. त्याखाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी मनाई आदेश काढू शकतात आणि त्यात सार्वजनिक ठिकाणी काठ्या, तलवारी यांच्यासोबत चाकू बाळगण्यालाही मनाई असते. नागपूर आयुक्तालयाचं शहर आहे. सणासुदीला, निवडणुकीला, अधिवेशनाच्या काळात असे आदेश निघतात. आदेश लागू असताना "पातं छोटं आहे" या उत्तराला अर्थ नाही.

दोन, दिल्ली. इथून बरेच जण दिल्लीला ये-जा करतात म्हणून सांगतो. तिथे १९८० ची अधिसूचना आहे. स्प्रिंगचे, गरारीचे, बटणाचे आणि इतर कोणत्याही यांत्रिक करामतीने उघडणारे-मिटणारे चाकू, ज्यांचं पातं ७.६२ सेंटिमीटर किंवा जास्त लांब आणि १.७२ सेंटिमीटर किंवा जास्त रुंद आहे, ते बाळगण्यावर तिने निर्बंध घातले आहेत. ७.६२ सेंटिमीटर म्हणजे बरोबर ३ इंच. त्यामुळे दिल्लीला जाताना चाकू घरीच ठेवावा हे उत्तम.

विमानात हातातल्या बॅगेत चालत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. मेट्रोच्या तपासणीतही अडवतील, तेव्हा वाद घालू नका. आणि कोणत्याही चाकूला "स्वसंरक्षणासाठी ठेवला आहे" असं कारण देऊ नका. चाकू हे काम करायचं अवजार आहे, ते कामाच्या जागी कामासाठी बाळगलेलं असावं.

टूलरूम_हिंगणा
मंगळवार, रात्री ११.२०

@काळा_कोट, फार उपयोगी. एक जोड देतो. अमेरिकेत १९५८ पासून स्विचब्लेडवर केंद्राचा कायदा आहे. २००९ च्या दुरुस्तीने त्यात स्पष्ट केलं की ज्या चाकूत पातं मिटलेलं राहण्याकडे ओढलेलं असतं आणि तो अडसर हाताच्या जोराने पार करावा लागतो, तो स्विचब्लेड नव्हे. म्हणजे ज्या गोळी-खळग्यामुळे झटका मिळतो, कायद्याची रेषाही तिथूनच गेली. आपल्याकडे ती दुरुस्ती लागू नाही, तरी फ्लिपर आणि बटणाचा चाकू यांच्या रचनेतला फरक त्यातून नीट कळतो.

दिल्लीच्या मापाबद्दल: सिव्हिव्ही कंपनीचा एलेमेंटम नावाचा जो फ्लिपर फार चालतो, त्याचं पातं २.९६ इंच आहे. तीन इंचांच्या किंचित आत. जगात अनेक ठिकाणी तीन इंचांची सीमा असल्यामुळे बनवणारे हे मुद्दाम पाळतात.

बुटीबोरी_गोडाऊन
बुधवार, सकाळी ८.३०

आमच्याकडे दिवसभर पुठ्ठ्याचे खोके, स्ट्रॅपिंगच्या पट्ट्या, श्रिंक रॅप. पोरं सरकवायचे कटर वापरतात आणि ते बरोबरच आहे, पातं बोथट झालं की तोडून टाकायचं. मी स्वतः फ्लिपर ठेवतो आणि त्याची एक खुबी कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. लायनर लॉक सोडताना अंगठा पात्याच्या वाटेत असतो. त्या वेळी पातं एकदम खाली आलं तर धार पोचण्याआधी टॅब तर्जनीवर येऊन टेकते. पातं तिथेच थांबते. मग बोट बाजूला करायचं आणि सावकाश मिटवायचं. नवीन माणसाला मी हे आधी शिकवतो, उघडणं नंतर.

हातमोजे घातले असताना अंगठ्याने उघडायचे खुंटीवाले किंवा स्पायडर्कोसारखे भोकवाले चाकू हाताला नीट लागत नाहीत. टॅब लागते.

सातपुडा_पायवाट
बुधवार, सायंकाळी ६.४५

थोडा विरोधी सूर लावतो. ट्रेकला मी फ्रान्सचा ओपिनेल नेतो. १८९० पासून जवळजवळ तोच आकार, लाकडी मूठ, १९५५ पासून गोल फिरवायची लॉकची कडी. बेअरिंग नाही, गोळी नाही, उघडायला एकही स्क्रू नाही. पेंचच्या बाजूला मातीत पडला, ओढ्यात धुतला, पुसला, झालं. फ्लिपरची पाती एवढी जाड असतात की कांदा कापला जात नाही, फाकतो. जे कापायला बनवलं ते उघडायला छान आणि कापायला मध्यम, असं होऊ नये. पावसाळ्यात लाकूड फुगून ओपिनेल उघडायला जड जातो हे मान्य, तरी मी बदलणार नाही.

टूलरूम_हिंगणा
बुधवार, रात्री १०.००

@सातपुडा_पायवाट, पात्याच्या जाडीबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. घेताना लोक पोलादाचं नाव विचारतात, धारेच्या मागची जाडी विचारत नाहीत. कापणं तर तिच्यावरच असतं. धारेच्या अगदी मागे अर्धा मिलिमीटर किंवा कमी असेल तर फ्लिपरसुद्धा टोमॅटोतून लोण्यासारखा जातो. मातीतल्या कामाबद्दलही मान्य. उघड्या पिंजऱ्यातल्या (गोळ्या धरून ठेवणाऱ्या चकतीतल्या) बेअरिंगपेक्षा फॉस्फर ब्राँझचा सपाट वॉशर धूळ जास्त सोसतो, कारण त्याला धूळ शिरायला फटच कमी असते. वॉशरवरचे चांगले फ्लिपरही असतात. थोडे जड वाटतात, घासून घासून सहा महिन्यांत असे रुळतात की सोडवत नाहीत.

@कोराडी_रोड, तपासलंत का?

कोराडी_रोड
बुधवार, रात्री १०.२०

हाव दादा, तपासलं. डोळे मिटून फिरवलं तर करकर येते, दोन-तीन जागी. मधोमध बरोबर आहे, घासत नाही. आमच्याकडे वीज केंद्राच्या राखेची बारीक धूळ सगळीकडेच असते, खिडकीवर बोट फिरवलं तरी हाताला लागते. तीच गेली असन. खोलायचं कसं ते सांगा. वॉरंटी संपलेली आहे.

टूलरूम_हिंगणा
बुधवार, रात्री ११.१०

राखच असणार. ती इतकी बारीक असते की ग्रीसमध्ये मिसळून तिची लापी होते, आणि पॉलिश करायच्या पेस्टसारखी ती बेअरिंगच्या वाटा खात राहते. वेळेत साफ केलंत तर काही बिघडलेलं नसेल.

बहुतेक फ्लिपरला पिव्हटला टी८ आणि बाकी स्क्रूला टी६ मापाचा टॉर्क्स, म्हणजे चांदणीच्या आकाराचा, बिट लागतो. इतवारीत लोहाओळीत मिळेल, पण मोबाइल रिपेअरच्या स्वस्त संचातला मऊ बिट घेऊ नका, तो स्क्रूचं डोकं खातो. स्क्रू हलत नसेल तर जोर करू नका. कारखान्यात निळं लॉक्टाइट, म्हणजे स्क्रू पक्का धरणारा चिकट द्रव, लावलेलं असतं. हेअर ड्रायरने मिनिटभर ऊब द्या, सुटेल.

स्टीलच्या ताटात पांढरा कपडा अंथरून त्यावर काम करा. पातं सुटताना बेअरिंगचे पिंजरे त्याला चिकटून येतात आणि कधी एखादी गोळी निसटते. पांढऱ्यावर ती दिसते. पोलादी असेल तर चुंबकाने उचलता येते, सिरॅमिक चुंबकाला लागत नाही, ती ओल्या टूथपिकने उचलायची. पिंजऱ्याची गोळ्या जास्त बाहेर आलेली बाजू कुठे होती, याचा खोलतानाच फोटो काढून ठेवा. उलटा बसवला तर चाकू चालतो पण घासतो, आणि माणूस तासभर कारण शोधत बसतो.

पिंजरे, वॉशर, पात्याचं बूड, लायनरची आतली बाजू, सगळं आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा. रॉकेल नको, त्याचा तेलकट थर मागे राहतो आणि पुन्हा धूळ धरतो. टँगवरची ती कमानीची रेघ नीट पाहा. चकचकीत असेल तर हात लावू नका, ती गोळीने स्वतः घासून बनवलेली वाट आहे आणि तीच चाकू रुळवते. पॉलिश पेपर वगैरे चालवू नका. खळग्याची कड तर अजिबात घासायची नाही. ती गोल झाली की झटका कायमचा गेला, आणि ६० रॉकवेल कडकपणाच्या पोलादात तो खळगा पुन्हा पाडणं घरचं काम नाही.

तेल शिलाई मशीनचं. सुईच्या टोकावर येईल एवढा थेंब, प्रत्येक बेअरिंगला एक. आणि एक टिपूस डिटेंटच्या गोळीच्या वाटेवर. लॉकची पट्टी पात्याला जिथे टेकते तो भाग मात्र कोरडा ठेवा, तिथे तेल गेलं तर लॉक सरकू शकतो.

जोडताना आधी बाकीचे स्क्रू, शेवटी पिव्हट. पिव्हट पूर्ण आवळा, मग वर्तुळाचा आठवा भाग मागे घ्या आणि तपासा. पातं उघडून टोकाशी धरून आडवं हलवा. हललं तर अजून आवळायला हवं. नाही हललं आणि फ्लिप पूर्ण झाला तर तिथेच थांबा. नेटवर सगळ्यांना लॉक सोडल्यावर पातं आपल्या वजनाने खाली पडायला हवं असतं. तो हट्ट सोडा, त्यासाठी पिव्हट ढिला ठेवणं म्हणजे पातं खिळखिळं करणं.

अजून एक, हे फ्रेम लॉकवाल्यांसाठी. तिथे मुठीची एक बाजूच लॉक असते (ख्रिस रीव्ह यांनी १९९० च्या सुमारास सेबेन्झा नावाच्या चाकूत आणलेली रचना). फ्लिप करताना बाकीची बोटं त्या लॉकच्या पट्टीवर दाबली गेली तर गोळी खळग्यात आणखी रुतते आणि चाकू उघडतच नाही. कितीतरी निर्दोष चाकू "जाम आहे" म्हणून परत जातात ते एवढ्यामुळे. बोटं खिशाला अडकवायच्या क्लिपवर किंवा मुठीच्या कडेवर ठेवा.

काटोल_बागवान
गुरुवार, सकाळी ६.५५

शिलाई मशीनच्या तेलाचं पटलं. आमच्याकडे कलम करणारे जुने लोक चाकूच्या खिळ्याला तेच सोडतात.

कोराडी_रोड
शनिवार, रात्री ८.४०

झालं दादा! पिंजरा काढला तर अल्कोहोल काळं-करडं झालं, शाईसारखं. एक गोळी खरंच निसटली होती, पांढऱ्या कपड्यामुळे सापडली. रेघ चकचकीत होती, हात नाही लावला. आता टॅब दाबली की टक् आवाज येऊन लॉक बसते, मनगट अजिबात हलवावं लागत नाही. आठवा भाग मागे घेतला तिथेच बरोबर बसलं. टी८ बिट लोहाओळीत पहिल्याच दुकानात मिळाला.

एक शेवटचा प्रश्न. माझी बहीण डावखुरी आहे, पॅकेजिंगच्या कामात असते. तिला हाच घेऊन देऊ का?

टूलरूम_हिंगणा
शनिवार, रात्री ९.३०

छान! हीच सफाई दिवाळीच्या आधी एकदा आणि उन्हाळा संपताना एकदा करत जा, तुमच्या भागात तेवढी लागेल.

बहिणीसाठी हाच नको. लायनर लॉक उजव्या अंगठ्यासाठी बनवलेला असतो. डाव्या हाताने उघडता येतो, पण लॉक सोडताना तर्जनी वाकवून पट्टी ढकलावी लागते आणि बोट धारेजवळ जातं. दिवसभराच्या कामात ते नको. तिच्यासाठी आडव्या कांडीचा लॉक पाहा. बेंचमेडने १९९८ मध्ये अॅक्सिस नावाने आणला, आता तशाच रचनेचे इतर कंपन्यांचेही मिळतात. कांडी दोन्ही बाजूंनी ओढता येते, दोन्ही हातांना सारखी, आणि मिटवताना कोणतंच बोट पात्याच्या वाटेत येत नाही. यात पातं मिटलेलं धरायचं काम मुख्यतः कांडीचा दाबच करतो, म्हणून फ्लिपचा झटका तुमच्या चाकूइतका कडक लागणार नाही, हे तिला आधी सांगा. क्लिप डाव्या बाजूला लावायची भोकं आहेत का, तेही घेण्याआधी पाहा. पोलाद डी२ चालेल, पुठ्ठाच कापायचा आहे.